वीजबिल भरणारेच मालक : अमेरिकेतल्या वीज सहकारी संस्था आणि गाव टिकवण्याचे गणित

महाराष्ट्रात विजेचा वाद पेटला की दोनच बाजू ऐकू येतात. वितरण सरकारी कंपनीकडेच राहू द्या, ही एक. खासगी कंपनी आणा म्हणजे सेवा सुधारेल, ही दुसरी. मुंबईलगतच्या भागासाठी एका खासगी कंपनीने वीज वितरणाचा समांतर परवाना मागितला आणि जानेवारी २०२३ मध्ये वीज कर्मचारी संपावर गेले, तेव्हाही चर्चा याच दोन खांबांभोवती फिरली. स्मार्ट मीटरवरून झालेला गदारोळही तसाच.

तिसरीही एक वाट आहे. ज्यांच्या घरात वीज येते त्यांनीच तारा, खांब आणि कंपनी यांचे मालक व्हायचे. अमेरिकेच्या ग्रामीण भागात गेली नव्वद वर्षे हे सुरू आहे, आणि त्यातून वीजपुरवठ्यापलीकडचे बरेच काही उभे राहिले आहे. महाराष्ट्रातही हा प्रयोग चाळीस वर्षे चालला आणि मग बंद पडला. आज कितीजणांना तो आठवतो, कोणास ठाऊक.

वीज सहकारी संस्था म्हणजे काय?

साखर कारखाना किंवा दूध संघ ज्या अर्थाने सहकारी असतो, त्याच अर्थाने ही वीज संस्था सहकारी. फरक एवढाच की कारखान्याचा सभासद ऊस घालतो, इथला सभासद वीज घेतो. मीटर बसले की तुम्ही सभासद झालात. मत प्रत्येकाला एकच. लाकडाची वखार चालवणारा महिन्याला हजारो युनिट वापरो किंवा एकटी राहणारी म्हातारी दोन दिवे लावो, संचालक निवडताना दोघांचे वजन सारखे.

अमेरिकेत अशा जवळपास ९०० संस्था आहेत. ५० पैकी ४८ राज्यांत मिळून त्या सुमारे ४ कोटी २० लाख लोकांना वीज पुरवतात. लोकसंख्येच्या मानाने हा आकडा लहान वाटेल, पण देशाच्या निम्म्याहून अधिक भूभागावर तारा त्यांच्याच आहेत. म्हणजे माणसे थोडी आणि अंतरे प्रचंड. हे गणित लक्षात ठेवा, पुढचे सारे त्यावरच उभे आहे.

यातल्या बहुतेक संस्था फक्त वितरण करतात. वीजनिर्मितीसाठी अनेक संस्थांनी एकत्र येऊन वेगळी, मोठी सहकारी संस्था काढलेली असते आणि तिच्याकडून घाऊक दराने वीज घेतली जाते.

मुळात ही वेळ आली कशामुळे?

१९३५ साली अमेरिकेतल्या शहरांत दहापैकी नऊ घरांत वीज होती, खेड्यांत दहापैकी जेमतेम एका घरात. वीज कंपन्यांचा हिशेब सरळ होता. शहरात एका गल्लीत तार ओढली की पन्नास गिऱ्हाइके मिळतात, शेतवस्तीवर मैलभर खांब टाकून दोन-तीन. कंपन्या म्हणत, परवडत नाही. आणि शेतकऱ्याला जोडणी हवीच असेल तर तारेचा सगळा खर्च त्यानेच द्यावा. तो खर्च त्याच्या वर्षाच्या कमाईहून जास्त असे.

विजेविना शेतघर म्हणजे काय, हे टेक्सासमधल्या डोंगराळ भागातल्या कपडे धुण्याच्या दिवसावरून कळते. घरची बाई विहिरीतून बादलीने पाणी ओढायची, ते घरापर्यंत वाहून आणायची, सरपण पेटवून मोठ्या हंड्यात तापवायची. कपडे धुऊन, खळबळून, पिळून झाले की दुसऱ्या दिवशी चुलीवर तापवलेल्या लोखंडी इस्त्र्या. एक निवेपर्यंत दुसरी तापत ठेवायची, उन्हाळा असो की हिवाळा. रात्री रॉकेलचा दिवा. आपल्याकडच्या वाचकाला यात नवीन काही नाही. आपल्या आज्यांनी हेच केले आहे.

११ मे १९३५ रोजी राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ग्रामीण विद्युतीकरणासाठी स्वतंत्र यंत्रणा स्थापन केली. पुढच्याच वर्षी सिनेटर जॉर्ज नॉरिस आणि काँग्रेस (म्हणजे अमेरिकेची संसद) सदस्य सॅम रेबर्न यांनी मांडलेला कायदा मंजूर झाला. सरकारची अपेक्षा होती की स्वस्त कर्ज मिळाले की खासगी कंपन्या खेड्यात जातील. त्या फारशा गेल्याच नाहीत. पुढे आले ते शेतकरी. मिसिसिपी राज्यातल्या कॉरिंथ गावी १९३४ मध्येच अशी एक संस्था सुरू झालेली होती, तोच नमुना देशभर पसरला.

पद्धत अशी. चार-दोन उत्साही शेतकरी घरोघर फिरायचे आणि सभासद होण्यासाठी पाच डॉलर मागायचे. मंदीच्या काळात पाच डॉलर ही किरकोळ रक्कम नव्हती. कुणी म्हणायचे पैसे बुडतील, कुणी आपल्या रानातून खांब जाऊ द्यायला तयार नसायचे. पुरेशा सह्या जमल्या की सरकारी कर्जासाठी अर्ज. ज्या टेक्सासचा उल्लेख वर आला, तिथे १९३८ मध्ये पेडरनेल्स इलेक्ट्रिक को-ऑपरेटिव्ह उभी राहिली. विरळ वस्तीमुळे तिचे कर्ज अडले होते. ते मिळवून देण्यासाठी थेट रूझवेल्टपर्यंत धडकलेला तरुण काँग्रेस सदस्य म्हणजे लिंडन जॉन्सन, जो पुढे स्वतः राष्ट्राध्यक्ष झाला. १९५० चे दशक सुरू होईपर्यंत बहुतेक अमेरिकन शेतांवर वीज पोचली होती.

नफा झाला तर तो कुणाचा?

सभासदांचा. इथे एक पारिभाषिक शब्द येतो, त्याला आपण ‘भांडवली जमा’ म्हणू. वर्षाअखेरीस खर्च वजा जाऊन जी रक्कम उरते, ती ज्याने जितकी वीज वापरली त्या प्रमाणात त्याच्या नावावर मांडली जाते. रोख लगेच हातात येत नाही. संस्था ती काही वर्षे नव्या तारा, रोहित्रे यांसाठी वापरते आणि मग टप्प्याटप्प्याने परत करते. कोल्हापूरकडच्या दूध उत्पादकाला दिवाळीच्या तोंडावर जो दर फरक मिळतो, तेच तत्त्व. फक्त इथे वाट पाहावी लागते पंधरा-वीस वर्षे, कधी त्याहूनही जास्त.

देशभरातल्या संस्था मिळून दरवर्षी एक अब्ज डॉलरहून अधिक रक्कम सभासदांना परत करतात. एकेका घराच्या वाट्याला येणारी रक्कम फार मोठी नसते. पण खासगी कंपनीचा लाभांश न्यूयॉर्कच्या गुंतवणूकदाराकडे जातो आणि हा पैसा गावातल्याच किराणा दुकानात आणि गॅरेजमध्ये खर्च होतो. छोट्या गावाला हा फरक जाणवतो.

वीज संस्थेला गावाची एवढी काळजी का?

मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बहुतेक लेखांत याचे उत्तर ‘सहकाराची भावना’ असे देऊन विषय संपवला जातो. भावना असतेच, पण तिच्यामागे रोकडा व्यवहार आहे.

वीज सहकारी संस्थेच्या तारेवर मैलाला सरासरी आठ ग्राहक असतात, म्हणजे किलोमीटरला पाच. मोठ्या खासगी कंपन्यांच्या तारेवर मैलाला तिसाहून जास्त. आता एका किलोमीटरच्या तारेची देखभाल पाच घरे मिळून उचलतात असे धरा. त्यातले एक घर बंद झाले, मुले शहरात गेली, शेत शेजाऱ्याला विकले. तार तेवढीच राहिली, खांब तेवढेच राहिले, वादळात पडणारी झाडेही तेवढीच. उरलेल्या चार घरांच्या वाट्याचा तारेचा खर्च एकदम पंचवीस टक्क्यांनी वाढला. आणखी एक घर गेले की तिघांवर. वीज महागली की गावात नवा धंदा येत नाही, धंदा नाही म्हणून आणखी माणसे जातात.

हे कल्पनेतले संकट नाही. २०१० ते २०२० या दशकात अमेरिकेच्या ग्रामीण भागाची एकूण लोकसंख्या पहिल्यांदाच घटली. याच काळात शंभराहून अधिक ग्रामीण रुग्णालये बंद झाली. मोठ्या कंपनीला तोट्यातला भाग विकून मोकळे होता येते. सहकारी संस्थेला आपले गाव बदलता येत नाही. तिचे खांब त्याच मातीत रोवलेले आहेत आणि तिचे मालक त्याच गावात राहतात. गाव ओस पडले तर संस्थाही जाते. म्हणून गावात माणूस टिकवणे हा तिच्यासाठी धंद्याचाच भाग होतो.

मग संस्था करते तरी काय?

बऱ्याच गोष्टी, पण सध्या सर्वांत मोठी आहे ती इंटरनेटची. विजेबाबत १९३५ मध्ये जे झाले तेच ब्रॉडबँडबाबत पुन्हा घडले. दूरसंचार कंपन्यांनी शहरे धरली आणि विरळ वस्ती सोडून दिली. आता दोनशेहून अधिक वीज संस्था इंटरनेट सेवेत उतरल्या आहेत. मिसूरी राज्यातल्या टिप्टन गावची को-मो इलेक्ट्रिक ही सुरुवातीच्या संस्थांपैकी एक. तिने सरकारी मदत मागितली होती, ती नाकारली गेली. तरीही तिने स्वतःच्या हिमतीवर छोट्या भागात फायबर टाकून पाहिले आणि मग पूर्ण क्षेत्रात नेले.

दूरसंचार कंपनीला जे परवडले नाही, ते वीज संस्थेला परवडले कसे? खांब तिचेच. शेतांतून तार नेण्याचा हक्क आजोबांच्या काळातच मिळालेला. उंच शिडीच्या गाड्या, वायरमन, बिले करणारे कार्यालय, सगळे तयार. शिवाय उपकेंद्रे आणि मीटर यांच्या नियंत्रणासाठी फायबर तिला स्वतःलाही हवेच असते. भांडवल परत यायला पंधरा वर्षे लागली तरी तिमाही निकाल विचारणारा भागधारक नाही.

फायबर आले म्हणून गाव बहरते, असे मात्र मी म्हणणार नाही. शाळा, दवाखाना आणि काम या तीन गोष्टी नसतील तर वेगवान इंटरनेटवर लोक शहरातलीच नोकरी शोधतील. पण इंटरनेट नाही हे गाव सोडण्याचे एक ठोस कारण होते, ते तरी गेले.

दुसरे काम कर्जाचे. अमेरिकेचे कृषी खाते ग्रामीण वीज आणि दूरध्वनी संस्थांना बिनव्याजी कर्ज देते. संस्था ते बिनव्याजीच पुढे स्थानिक उद्योगाला, दवाखान्याला किंवा अग्निशमन केंद्राला देते. पुढच्याने बुडवले तरी खात्याचे पैसे संस्थेलाच फेडावे लागतात. त्यामुळे कुणाला द्यायचे हे ती डोळ्यांत तेल घालून ठरवते, आणि गावात कोण मेहनती आणि कोण नुसता बोलघेवडा हे तिच्या संचालकांना वॉशिंग्टनच्या अधिकाऱ्यापेक्षा नक्कीच चांगले ठाऊक असते.

तिसरे काम अगदी छोटे आहे, पण मला ते फार आवडते. साउथ कॅरोलायनातल्या पाल्मेटो इलेक्ट्रिक या संस्थेने १९८९ मध्ये ‘ऑपरेशन राउंड अप’ सुरू केले. ज्या सभासदाची संमती आहे त्याचे बिल पुढच्या पूर्ण डॉलरपर्यंत वाढवायचे. बिल ११८ डॉलर ३७ सेंट असेल तर भरायचे ११९, आणि वरचे ६३ सेंट गावाच्या निधीत. महिन्याला जास्तीत जास्त ९९ सेंट, म्हणजे वर्षाला बारा डॉलरच्या आत. एका घराला ते कळतही नाही. हजारो घरांचे मिळून मात्र कुणाच्या दारात व्हीलचेअरसाठी उतार बांधला जातो, कुणाचे गळके छप्पर शाकारले जाते. पुढे देशभरातल्या अनेक संस्थांनी ही कल्पना उचलली.

‘पण हे सगळे सरकारी पैशावरच ना?’

सुरुवात सरकारी कर्जावर झाली, यात शंका नाही. १९४४ च्या कायद्याने व्याज दोन टक्के आणि मुदत पस्तीस वर्षे ठरली, म्हणजे बाजारापेक्षा बरीच सोपी अट. आजही सरकारी कर्जे मिळतात. २०२२ च्या कायद्यात तर ग्रामीण वीज संस्थांना कोळशावरून स्वच्छ ऊर्जेकडे नेण्यासाठी ९.७ अब्ज डॉलरची तरतूद होती.

पण सुरुवातीची ती कर्जे होती, आणि ती फेडली गेली. सरकारने भांडवल स्वस्त केले. रोजची वीज फुकट केली नाही. मीटर पहिल्या दिवसापासून होता आणि बिल दर महिन्याला भरावे लागे. आपल्याकडचा प्रयोग कुठे घसरला हे समजून घ्यायचे तर हा फरक ध्यानात ठेवा.

‘निवडणूक म्हणजे राजकारण आलेच’

हा आक्षेप खरा आहे. बहुतेक वीज संस्थांच्या निवडणुकीत दहा टक्के सभासदही मतदान करत नाहीत. गणपूर्तीसाठी वार्षिक सभेत जेवण ठेवतात, सोडत काढून बक्षिसे देतात. सभासद झोपले की संचालक वर्षानुवर्षे खुर्चीला चिकटतात. ज्या पेडरनेल्सचा इतिहास इतका अभिमानाचा, तिथेच पुढे विद्यमान संचालक मंडळच आपले उमेदवार ठरवू लागले आणि मानधन व खर्च यांवरून ओरड झाली. २००७ मध्ये सभासदांनी कोर्टात दावा ठोकला. मग निवडणुका खुल्या झाल्या, सभा आणि हिशेब उघडे झाले.

दुसरे दुखणे वरच्या संस्थेचे. घाऊक वीज देणाऱ्या मोठ्या संस्थेशी कित्येक दशकांचे करार असतात आणि खालची छोटी संस्था त्यात अडकते. न्यू मेक्सिकोतल्या टाओस इथल्या किट कार्सन संस्थेला स्वतःची सौर वीज हवी होती, पण करारानुसार पाच टक्क्यांहून जास्त वीज स्थानिक पातळीवर तयार करायला मनाई होती. २०१६ मध्ये ३ कोटी ७० लाख डॉलर मोजून ती बाहेर पडली. २०२२ पर्यंत लख्ख उन्हाच्या दिवशी दिवसाची पूर्ण गरज सौर विजेवर भागवण्याइतकी तिची क्षमता झाली.

आणि मोठ्या संस्थाही कोसळतात. फेब्रुवारी २०२१ च्या हिमवादळात टेक्सासमध्ये घाऊक विजेचे दर आभाळाला भिडले. ब्राझोस या वीज पुरवणाऱ्या सहकारी संस्थेला त्या काही दिवसांचे जे बिल आले त्याने तिला १ मार्चला दिवाळखोरीत नेले. मालकी सभासदांची म्हणून बाजाराचा तडाखा चुकत नाही.

‘वीज स्वस्त तरी मिळते का?’

नेहमी नाही. विरळ वस्तीमुळे कित्येक संस्थांचे दर शेजारच्या शहरी कंपनीपेक्षा जास्त असतात. सभासद होण्याने अंतर कमी होत नाही. हाती येते ते एवढेच, की दर का वाढला हे सभेत उभे राहून विचारता येते आणि उत्तर पटले नाही तर संचालक घरी पाठवता येतो.

‘आपल्याकडे हे चालले नाही, मग?’

चालले, काही काळ. १९६९ मध्ये ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन झाले. अमेरिकन वीज संस्थांच्या राष्ट्रीय संघटनेच्या तज्ज्ञांच्या मदतीने देशात पाच प्रायोगिक संस्था निवडल्या गेल्या: गुजरातेत कोडीनार, कर्नाटकात हुकेरी, तेव्हाच्या आंध्रात सिरसिल्ला, उत्तर प्रदेशात लखनौजवळ एक आणि महाराष्ट्रात मुळा-प्रवरा.

मुळा-प्रवराची निवड साहजिक होती. सहकारी साखर कारखान्यामुळे आशियाभर नाव झालेला हा प्रवरेचा पट्टा. श्रीरामपूर, राहुरी, राहाता या भागात पाटाचे पाणी, ऊस, सहकाराची सवय. संस्थेने वाड्यावस्त्यांवर तारा नेल्या, विहिरींवर मोटारी बसल्या.

मग अडले कुठे? शेतीपंप हा संस्थेचा मोठा ग्राहक आणि पंपांची आकारणी मीटरवर नव्हे, तर मोटारीच्या अश्वशक्तीवर. किती वीज वापरली याच्याशी बिलाचा संबंधच राहिला नाही. गळती किती, चोरी किती आणि खरा वापर किती, हे कुणालाच नेमके सांगता येईना. इकडे राज्य वीज मंडळाकडून घ्यायची घाऊक वीज महागत गेली, तिकडे शेतकऱ्याकडून वसुली करायला कुणी धजेना. संचालकाला मते हवीत आणि थकबाकीदार हाच मतदार. थकबाकी दोन हजार कोटींच्या पुढे गेली. २०११ मध्ये परवाना संपला तेव्हा नियामक आयोगाने तो भाग महावितरणकडे दिला.

सहकारच बोगस, असा निष्कर्ष यावरून काढला जातो. मला तो पटत नाही. याच पंक्तीतल्या हुकेरी आणि सिरसिल्ला या संस्था पुढेही टिकल्या. हुकेरी तर बेळगाव जिल्ह्यात, कोल्हापूरच्या अगदी शेजारी. बांगलादेशाने १९७७ नंतर हाच अमेरिकन नमुना घेऊन देशभर ८० ग्रामीण वीज समित्या उभ्या केल्या आणि खेड्यापाड्यांत वीज नेली. मुळा-प्रवरात सभासदाला मत मिळाले, पण मोजून बिल देण्याची शिस्त मिळाली नाही. ती शिस्त नसताना सरकारी कंपनीचेही काय होते, ते शेतीपंपांच्या थकबाकीच्या आकड्यांत दरवर्षी दिसतेच.

आता नव्याने विचार करण्याजोगे काही आहे?

आहे, आणि ते तारांपेक्षा छपरावर आणि बांधावर आहे. गुजरातच्या खेडा जिल्ह्यातल्या धुंडी गावात २०१६ मध्ये सहा शेतकऱ्यांनी सौर पंपांची सहकारी मंडळी काढली. पंप चालून उरलेली वीज ते वीज कंपनीला विकू लागले, पंचवीस वर्षांचा करार, युनिटला ४ रुपये ६३ पैसे. यात आपोआप एक गोष्ट घडते. फुकट किंवा सपाट दराच्या विजेवर शेतकरी मोटार चालू ठेवून घरी जातो. इथे विनाकारण चाललेल्या प्रत्येक तासाला त्याचे स्वतःचे पैसे बुडतात, म्हणून पाणी झाले की तो मोटार बंद करतो. मीटर हवाहवासा झाला, कारण आता तो पैसे मोजून देतो.

महाराष्ट्रात शेतीचे फिडर, म्हणजे शेतीपंपांना वीज पुरवणाऱ्या वाहिन्या, सौर विजेवर नेण्याची योजना जोरात सुरू आहे. गावोगावी गायरान आणि पडीक जमिनीवर पॅनेल उभी राहत आहेत, दिवसा वीज मिळू लागली आहे. प्रकल्पाची मालकी मात्र बहुधा बाहेरच्या कंपनीकडे असते आणि गावाला मिळते जमिनीचे भाडे. केंद्राच्या कुसुम योजनेच्या पहिल्या घटकात ५०० किलोवॉट ते २ मेगावॉटचा प्रकल्प शेतकऱ्यांचा गट, सहकारी संस्था, ग्रामपंचायत किंवा शेतकरी उत्पादक कंपनीही उभारू शकते. भांडवल जमवणे अवघड आहे, बँका तारण मागतात, निविदेत मोठ्या कंपन्यांशी दराची स्पर्धा असते. तरीही पुढच्या ग्रामसभेत गायरान भाड्याने देण्याचा ठराव येईल तेव्हा गावच्या विकास सोसायटीने स्वतः अर्ज करायचा का, हा प्रश्न ठरावावर हात वर करण्याआधी विचारता येतो.